आईच्या वहीतली कार्डं

१

मोबाइलमधलं एखादं अ‍ॅप उघडलं की मध्येच एक चौकोन वर येतो. 'नवीन काय आहे' असं काहीतरी त्यावर असतं, खाली दोन ओळी आणि त्याखाली एक बटण. तुम्ही न वाचताच ते बटण दाबता. त्या दोन ओळी कोणीतरी लिहिलेल्या असतात. मी लिहिते त्या.

चार वर्षं मी हेच काम करतेय आणि लोक अजून विचारतात, दोन ओळी लिहायला दिवस लागतो? लागतो. आमचं अ‍ॅप 'शेजार' हे मोठ्या इमारतींसाठी आहे. गेटवर कोण आलं, लिफ्ट कधी बंद, पाणी कधी जाणार, सगळं त्यावरून चालतं. म्हणजे फोनमध्ये कसले, आम्ही लोकांच्या घरात बदल करत असतो. मग काय बदललं ते त्यांना सांगायला नको? बाकीच्या कंपन्या 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा' असं लिहून मोकळ्या होतात. या चार शब्दांइतका संताप मला दुसऱ्या कशाचा येत नाही. किरकोळ कोणाला? सुधारणा कोणाची? दुसऱ्याच्या घरात शिरून सामान हलवायचं आणि विचारलं तर किरकोळ म्हणायचं, हा कुठला न्याय झाला?

माझी कार्डं तशी नसतात. पहिला शब्द 'आता'. मग जे बदललं ते साध्या मराठीत. उद्गारचिन्ह नाही, 'प्रिय ग्राहक' नाही. खाली एकच बटण, 'समजलं'.

ती कार्डं मनापासून वाचणारी माझ्या माहितीत एकच बाई आहे, माझी आई, कौसल्या. डिलाईल रोडवरची आमची चाळ पाडली, तिथेच टॉवर उभा राहिला आणि अठराव्या मजल्यावर तिला घर मिळालं. बाबा मात्र मधल्या काळात, टॉवर होईपर्यंत राहायला दिलेल्या संक्रमण शिबिरातच गेले. त्या टॉवरलाही आमचंच अ‍ॅप लावलेलं आहे. आई अक्षरं शिकली ती तिशी उलटल्यावर, बुद्धविहारात बायकांचा वर्ग भरायचा तिथे. त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीला ती फार मानते. कार्ड आलं की ती चष्मा लावून बसते, ओळीखाली बोट धरून वाचते, दोनशेपानी वहीत तारखेसकट उतरवते आणि मगच 'समजलं' दाबते. लेकीने लिहिलंय, न वाचता कसं दाबायचं, असं तिचं म्हणणं.

मी तिच्याजवळ राहत नाही. दोन वर्षांपूर्वी भांडून निघाले ती शिवडीला एका खोलीत आले. दर रविवारी अकरा वाजता जाते आणि दर रविवारी भांडते. तोंडाने फटकळ आहे मी, ते मला कोणी सांगायला नको. आई दिवसभर एकटी असते. मी गेले की तेच तेच सांगायला लागते, गुडघा, पाण्याची वेळ, बाबांचं शेवटचं आजारपण, आणि तिसऱ्या वाक्याला मी तिला तोडते. तरी पुढच्या रविवारी ती दाराशी खुर्ची टाकून बसलेली असते. मला तिच्याशिवाय कोणी नाही आणि तिला माझ्याशिवाय.

जूनमधल्या एका रविवारी ती म्हणाली, "ते मंगळवारचं बरं लिहिलंस गं."

"मंगळवारी मी काहीच लिहिलं नाही."

तिने वही पुढे केली. तिच्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं होतं, 'आता घरच्या माणसांना गेटवर थांबावं लागणार नाही. ती थेट वर येतील.'

"हे माझं नाही, आई."

"असं कसं? 'आता'ने सुरू होतंय की," ती म्हणाली आणि वही मिटून उशीखाली ठेवली.

२

सोमवारी ऑफिसात पोचले तीच डोक्यात राख घालून. आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. चिमणी शोभेला ठेवलीय आणि आत काचेच्या खोल्या केल्यात. माझ्या पाठीमागे कोणीतरी कार्ड लिहिलं होतं, वर माझी धाटणीही उचलली होती. प्रत्येक कार्ड माझ्या हातून गेलं पाहिजे हा नियम करून घ्यायला मी तीन महिने भांडले होते. तो असा धाब्यावर बसवलेला मी खपवून घेणार नव्हते.

कार्डं प्रत्यक्ष फोनवर सोडायचं काम स्वप्नीलचं. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "मंगळवारी काहीच गेलेलं नाही, माया. लिस्ट रिकामी आहे, बघ."

"मग काय माझ्या आईला स्वप्न पडलं?"

"मी कुठे तसं म्हणतोय? तुझ्या शीटमध्ये दोनशे बारा कार्डं आहेत. हे त्यात नाही, सर्व्हरवर नाही. आणि घरच्यांना थेट वर सोडायचं असलं काही आपण बनवलेलंच नाही. चर्चासुद्धा नाही झाली."

माझा आवाज ऐकून सुचित्रा काचेच्या खोलीतून बाहेर आली. ती आमची प्रमुख. कधी आवाज चढवत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. "माया, सगळे बघतायत. आईंनी लिहिताना इकडचं तिकडे केलं असेल. वय होतं गं माणसाचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई उतरवून काढताना वेलांटी चुकत नाही. तुमच्या इथे इंग्रजी शाळेत शिकलेले सतरा जण बसलेत, त्यांच्यातल्या एकाला तरी तसं लिहिता येतं का, असं मी तिला सगळ्यांदेखत विचारलं. मग वर्षभर मागत होते तेच पुन्हा मागितलं. कार्डावर दुसरं बटण द्या, 'हे नको' म्हणून.

"कार्ड येतं तेव्हा बदल होऊन गेलेला असतो," सुचित्रा समजुतीच्या सुरात म्हणाली. "नको म्हणून काय होणार? आपण विचारत नाही, फक्त कळवतो."

हे तिने मला आधी दहादा ऐकवलेलं होतं. त्या दिवशी मात्र ते ऐकून मी घाबरले. कशामुळे ते कळेना, म्हणून मी तिला आणखी चार शब्द सुनावले आणि जागेवर जाऊन बसले.

जेवणाच्या सुट्टीत स्वप्नील डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "एक सांगतो, पण चिडू नको. मार्चमध्ये मजकूर लिहून देणाऱ्या एका टूलला तुझी सगळी कार्डं दिली होती. तुझ्यासारखं लिहितं का ते बघायला."

"मला न विचारता?"

"वरून आलं होतं. पण बंद केलं लगेच."

"का? जमत नव्हतं त्याला?"

स्वप्नीलने डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "जमत होतं. अगदी तुझ्यासारखंच लिहायचं. फक्त शांत."

३

बुधवारी दुपारी सव्वातीनला मी आईला फोन केला. एरवी मी मधल्या वारी फोन करत नाही, पण ते कार्ड डोक्यातून जात नव्हतं.

"आजचं आलं गं," ती आनंदाने म्हणाली. "वाचू? 'आता दुपारचा चहा एकटीने घ्यावा लागणार नाही.' किती मायेने लिहिलंस."

मागे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. आईचा एक हात फोनला आणि दुसरा वहीवर, हे मला न बघताही ठाऊक होतं. ती तसंच वाचते.

"आई, कोण आहे तिथे?"

ती हसली. "कोण असणार? चल, ठेव आता. चहा निवतोय."

तिने फोन ठेवला. मी पुन्हा केला, तिने उचलला नाही. मी स्वतःला समजावलं की कोणीतरी भामटी बाई असेल. एकट्या म्हाताऱ्या हेरून गोड बोलत घरात शिरणाऱ्या बायका असतात. अ‍ॅप कसं चालतं ते तिला ठाऊक असेल, फोनमध्ये काहीतरी घुसवलं असेल तिने. या विचाराने मला बरंच वाटलं, कारण माणसाला बखोटीला धरून बाहेर काढता येतं. मी टॉवरच्या गेटवर फोन लावला. तिथले कोंडीराम काका आमच्या चाळीपासूनचे ओळखीचे.

"काका, आमच्याकडे वर कोण गेलंय?"

"ताई?" ते गोंधळले. "तुम्हीच तर गेलात. इथे दिसतंय ना. माया, घरच्या, आत आल्या दहा चाळीसला."

"बाहेर कधी गेले?"

"बाहेर नाही अजून."

"काका, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी मला बघितलंत?"

"आता हिरवा दिवा लागला की आम्ही मान वर करत नाही, ताई. आधी बघायचो."

४

ऑफिसपासून आमचा टॉवर चालत बारा मिनिटांवर आहे. मी सातव्या मिनिटाला पोचले. गेटमधून आत शिरले तेव्हा कोणी अडवलं नाही, कारण काका फाटकाशी नव्हतेच. अठराव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडले तर समोर शेवंतीकाकू, कपड्यांची बादली घेऊन. चाळीतही त्या आमच्या शेजारच्याच खोलीत होत्या.

"अगो, परत खयसून इलंस?" त्या म्हणाल्या. "आत्ता आत होतंस ना? रोज येतंस ता बरां करतंस हां. आवशीक तुझ्या बोलूक माणूस गावला."

आईला बोलायला माणूस मिळाला म्हणून खूश झालेल्या काकूंना मागे टाकून मी पुढे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत ऊन पडलं होतं. आई कॉटवर बसली होती, समोर स्टुलावर दोन कप, दोन्ही रिकामे. स्वयंपाकघरातून नळाचं पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, की शेजाऱ्यांचा नळ असेल, या नव्या भिंतींतून सगळंच ऐकू येतं. फडताळाच्या वरच्या फळीवरची, आईचा हात न पोचणारी पितळी भांडी घासून चकचकीत केलेली होती. बुद्धांच्या मूर्तीसमोर ताजी फुलं होती. आणि जी खिडकीची जाळी मी सहा महिने 'पुढच्या रविवारी' म्हणत लावली नव्हती, ती लागली होती. चारही कोपऱ्यांना नीट खिळे मारून लावली होती. त्या जाळीचा मला जेवढा राग आला तेवढा कशाचा आला नाही.

"आलीस परत?" आई म्हणाली. "काय विसरलीस?"

"आई, मी सकाळपासून ऑफिसात होते. कोण बाई येते घरात? कुठे आहे ती?"

"ओरडू नको गं."

"ओरडू नको काय? परक्या माणसाला घरात घेतेस, चहा पाजतेस, अक्कल गहाण टाकलीस का?"

आईने खांदे वर घेतले. मग उशीखालून वही काढली आणि उघडून माझ्या हातात दिली. त्या मंगळवारपासूनची कार्डं होती. मी वाचत गेले.

'आता माया रोज येईल.'

'आता जाळी लावलेली आहे.'

'आता एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं तरी चालेल.'

आणि शेवटचं, त्याच दिवशीच्या तारखेचं, चहाच्या कार्डाखाली, 'आता माया चिडत नाही.'

"हे आलं ना, तेव्हा मला रडू आलं," आई हळूच म्हणाली. "म्हटलं पोरीला तोंडाने नाही जमलं तर तिने असं लिहून कबूल केलं."

राग होता, पण तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. "आई, यातलं एकही मी लिहिलेलं नाही."

"एकही?"

"एकही नाही."

तिने वही माझ्याकडून घेतली, मिटली, तिच्यावर हात ठेवला. "मग कोणी लिहिलं?"

आणि स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

शेजारचा नव्हता तो. आमचाच होता. मी आल्यापासून तो चालू होता आणि आता कोणीतरी तो पिळून बंद केला होता. शेवटी नळ जरा कुरकुरतो, ती कुरकुरही मी ऐकली.

स्वयंपाकघराला एकच दार आहे आणि आम्ही दोघी त्याच्या समोर बसलो होतो. मी उठून आत गेले. कोणी नव्हतं. खिडकीला गज आहेत. ओट्यावर फडकं फिरवल्याच्या ओल्या रेघा अजून वाळत होत्या. पेले पालथे घातले होते, एकात एक न घालता, एका ओळीत, मध्ये बोटभर जागा सोडून. घरात पेले असे फक्त मी लावते. त्यावरून आईचं आणि माझं मी शाळेत असल्यापासून वाजतं.

५

मी आईच्या हातून फोन हिसकावून घेतला आणि अ‍ॅप काढून टाकलं. ती घाबरली. त्याच्याशिवाय गेटवर कसं, गॅसवाला कसा येणार, असं विचारत राहिली. मी म्हटलं, तू शिवडीला चल, आत्ता, अंगावरच्या साडीनिशी. तिने नाही म्हटलं. चाळीस वर्षं दहा बाय दहाच्या खोलीत काढून हे घर मिळालंय, ते मी सोडणार नाही, म्हणाली. त्यावर मी तिला नको ते बोलले. कुढत बस इथे एकटी, मेलीस तरी मला कळवू नको, असं बोलले. लिहितानाही लाज वाटते. भीती वाटली की मला चिडताच येतं, दुसरं काही येत नाही, आणि त्या दुपारी मला आयुष्यात वाटली नव्हती एवढी भीती वाटत होती.

"एवढी का चिडतेस गं तू?" तिने नुसतं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

गुरुवारी ऑफिसात मी सगळ्यांसमोर सुचित्राला जाब विचारला. ते टूल कुठे आहे, ते माझ्या आईच्या घरात काय करतंय. हे वाक्य बोलतानाच ते किती वेडगळ वाटतंय ते मला ऐकू आलं. लिहिणारं यंत्र जाळी कशी लावेल? स्वप्नील खाली बघत होता. सुचित्राने मला पाण्याचा ग्लास दिला, सुट्टी घे म्हणाली, आणि दुपारी माझं लॉगिन बंद झालेलं होतं. वर विचारायला गेले तर सांगितलं, तात्पुरतं आहे, किरकोळ गोष्ट आहे.

त्याच संध्याकाळी आणि शुक्रवारी, शनिवारी मी आईला फोन केले. ती दोन वाक्यांत उत्तर देई. बरी आहे. जेवले. अ‍ॅप परत आलंय का, असं विचारलं तर म्हणाली, "हो, आपोआप आलं." आवाज खूश होता. तक्रारीचा एक शब्द नाही. गुडघ्याचं नाव नाही. ती माझ्याकडे रडगाणं गात नव्हती आणि ते मला सहन होत नव्हतं.

६

रविवारी नेहमीच्या वेळेला मी गेटवर उभी राहिले. स्क्रीनवर लाल दिवा लागला.

"नाव सांगा. कोणाकडे जायचंय?" कोंडीराम काकांनी मान खालीच ठेवून विचारलं.

"काका, बघा तरी माझ्याकडे."

त्यांनी बघितलं. एकदा मला, एकदा स्क्रीनला. "माया वर आहे," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

"मग मी कोण?"

"मला नका विचारू, ताई." त्यांनी फाटक हाताने उघडलं. "जा तुम्ही. मी नोंद करत नाही."

वर दार अर्धं उघडं होतं. दाराशी खुर्ची नव्हती. आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मी हाक मारायच्या ऐवजी का थांबले ते मला सांगता येणार नाही.

फटीतून दिसत होतं ते एवढं. आई पाटावर बसली होती, माझ्याकडे पाठ, केस मोकळे. तिच्या मागे कॉटच्या कडेला कोणीतरी बसलं होतं. दाराच्या चौकटीने ते झाकलं होतं, त्यामुळे मला फक्त एक गुडघा दिसत होता आणि दोन हात. हात आईचे केस विंचरत होते. गुंता आला की केस मुळाशी धरून हळू सोडवत होते. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. तो स्टोव्हचा आहे, मी सातवीत असतानाचा. मी माझ्या मनगटाकडे बघितलं. माझा डाग माझ्याकडे होता.

आई बाबांच्या आजारपणाचं सांगत होती. तेच, नेहमीचं. शिबिरातली ती खोली, डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत बघू. ती तिसऱ्या वाक्याला आली आणि पुढे गेली. चौथं. पाचवं. मधे 'हं' असा आवाज येत होता, बरोबर हवा तिथे, घाई न करता. तो माझा आवाज होता, पण मी असा कधी कोणाला दिलेला नाही.

"आणि पहाटे त्यांनी तुझं नाव घेतलं," आई म्हणाली. "म्हणाले, पोरीवर रागावू नको. ती माझ्यावर गेलीय."

हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली आणि आईला मी तिथवर कधी पोचूच दिलं नव्हतं. माझ्यासाठी ठेवलेलं ते वाक्य आईने त्या दुसरीला सांगितलं.

"आई!" मी दार ढकललं.

हात थांबले. ते लपले नाहीत की दचकले नाहीत. दोन बोटांनी आईच्या केसांतला भांग तसाच धरून ते थांबले, मी काय बोलतेय ते बोलून होईपर्यंत थांबायची तयारी असल्यासारखे. आईने वळून बघितलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, बाहेर आली आणि तिने दार आपल्या पाठीमागे ओढून घेतलं. पुढे मला काही दिसलं नाही.

"मला फरक कळतो, माया," ती म्हणाली. केस तसेच मोकळे होते. "नऊ महिने पोटात तू होतीस. ती नव्हे."

"मग हाकल तिला!"

"ती ऐकते गं."

"आई, ती माणूस नाहीय!"

"नसेल." ती दारातून हटली नाही. "सोमवार ते शनिवार तू कुठे असतेस, मी कधी विचारलं का? मग आता तूही विचारू नको."

मी ओरडले. माझ्याकडे दुसरं होतंच काय? शेवंतीकाकूंचं दार किलकिलं झालं आणि लागलं. मी त्या वहीला शिव्या दिल्या, त्या जाळीला दिल्या, मीच तुझी मुलगी आहे, हा राग माझा आहे, तो बाबांकडून आलाय, असं काय काय ओरडले. आणि ओरडता ओरडता मला दिसलं की आईने खांदे कानांपर्यंत वर घेतलेत. ती नेहमीच तसे घेते. मी बोलायला लागले की घेते, इतकी वर्षं घेत आलीय, आणि मी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माझा आवाज बसला तेव्हा तिने माझ्या गालाला हात लावला. मग ती आत गेली. दार आपटलं नाही तिने, हळूच लावलं. थोड्या वेळाने तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं, जिथे तुटलं होतं तिथूनच.

७

त्यानंतर पाच दिवस मी कोणाशी बोलले नाही. नोकरीवरून काढल्याचं पत्र ईमेलवर आलं, त्यात माझ्या योगदानाबद्दल आभार मानले होते. शुक्रवारी भर दुपारी मी आईच्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोल," ती म्हणाली. माझाच आवाज, सकाळी उठल्यावर असतो तसा, न चिडलेला. मागे आई झोपली होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

मी बोलत सुटले. चोर म्हटलं, सटवी म्हटलं, तुझा मुडदा बशिवला म्हटलं. आईला काही झालं तर बघून घेईन म्हटलं. तिने मला एकदाही तोडलं नाही. मग सुचित्राचं बोलले, ऑफिसात सगळे खाली बघत होते ते बोलले, बाबांचं ते वाक्य तू का घेतलंस ते विचारलं, शिबिरात त्या पहाटे मी हजर नव्हते तेही बोलले, जे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पलीकडून अधूनमधून 'हं' येत होतं. तिने चिडावं म्हणून मी मला ठाऊक असलेलं सगळं करून पाहिलं.

शेवटी माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. तरी तिने फोन ठेवला नाही.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

आठवड्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी खोलीच्या मधोमध उभी होते, तिथून सरकून भिंतीला टेकून खाली बसले. आणि काल रात्रीपासून काय काय खाल्लं, ते मी तिला सांगायला लागले.